तेविसावं मिनिट

१

ताईच्या या ब्लॉगवर आतापर्यंत एकच लेख होता, तिचा. हा दुसरा, माझा. मी तिचा धाकटा भाऊ. ती गेल्याचं मीच तिच्या लेखाखाली दोन ओळींत कळवलं होतं. त्यावर तुमच्यातल्या चौदा जणांनी लिहिलंत, की तिचं शेवटचं गाणं असेल तसं टाक, अर्धं असलं तरी चालेल. मी हो म्हणून बसलो. मला हो म्हणायची घाई असते. आता ते गाणं टाकणार नाही, आणि का टाकणार नाही ते सांगणं भाग आहे. आठवीच्या पुढे मी शाळा पाहिलेली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

तिचा लेख तुम्ही वाचलाय. ‘माझ्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. एक सुतार आहे. तो आठवीत शाळेतून पळाला तो थेट रंध्यापाशी जाऊन थांबला. माझ्या खोलीचं दार त्यानं केलंय. ते मिटताना उसासा टाकतं आणि जग बाहेर राहतं.’ त्याखाली माझा फोटो होता, कानात पेन्सिल खोचलेला. मी तिला म्हटलं होतं, काढ तो, माकड दिसतोय. ती म्हणाली, “ठोक्या, फोटो खोटं बोलत नाही.”

ठोक्या म्हणजे मी. लहानपणापासून काही ना काही ठोकत असायचो म्हणून.

त्या दाराबद्दल आधी सांगतो. मागची खोली तिची, गाणी रेकॉर्ड करायची. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, खिडकी बुजवलेली. दार मी दोन जाड प्लायचं केलं, मध्ये कापूस ठासून भरला, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावली. आत गाद्यांमुळे जागा नव्हती म्हणून ते बाहेर उघडणारं ठेवलं. मिटताना आतली हवा दाबली जाते, त्याचा तो उसासा. उघडताना वेगळा आवाज येतो, ओठ सुटल्यासारखा. मी शंभर दारं बसवली असतील. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याच दाराला नाही.

आतला आवाज बाहेर येत नाही, बाहेरचा आत जात नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

२

आमची पद्धत ठरलेली होती. ताई आत गेली की दाराच्या मुठीला लाल नॅपकिन अडकवायची. नॅपकिन आहे तोवर दार उघडायचं नाही. पाहुणे आले, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी नाही. एकदा मी उघडलं होतं, जेवायला चल म्हणायला. तिचं सकाळपासूनचं काम वाया गेलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी स्टूल घेऊन दाराशीच बसायला लागलो, दाराला पाठ टेकून. राखणदार. आई म्हणायची, “असा बसतोस जसं आत कुणी राजाच झोपलाय.”

हातात काहीतरी काम असायचं. दार माझंच, घासलं तरी आत ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्या मंगळवारी आमची साइट बंद होती. सकाळी दहाला ती आत गेली. म्हणाली, “आज एका दमात करायचंय. मी बाहेर येईपर्यंत कुणी नको. तूसुद्धा नको.”

मी म्हटलं, “तू आतच राहा ना कायमची, घर शांत राहील.”

तिनं माझ्या डोक्यात टपली मारली आणि दार ओढून घेतलं. उसासा आला. मी स्टूल लावलं, पाठ टेकली, आणि एका कपाटाच्या दांडीला पॉलिश पेपर मारायला लागलो.

थोड्या वेळानं पाठीला धक्का जाणवला. आवाज नाही आला, नुसता धक्का, जमिनीतून दारात आणि दारातून माझ्या मणक्यात. मला वाटलं माइकचा स्टँड पडला. आता चिडेल बाई, असं म्हणून मी हसलो. खरंच हसलो. आणि घासत राहिलो.

आई साडेअकराला बाजारातून आली. तिनं विचारलं, “अजून आतच?” मी तोंडावर बोट ठेवलं. पावणेबाराला मला राहवेना. मी नॅपकिन काढला आणि दार उघडलं.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. मी विचारलं, लगेच गेली का? ते म्हणाले, “तसंच समज.” मी विचारलं, लवकर उघडलं असतं तर? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

३

सगळे येऊन गेले, बोलून गेले. मग घरात आम्ही दोघंच उरलो. मी कामावर जायचो, परत यायचो, मागच्या खोलीकडे न बघता मोरीत हात धुवायचो. दार मिटलेलं होतं. नॅपकिन दोरीवर वाळत होता, आईनं धुतला होता.

एकदा चहा पिताना आई म्हणाली, “एक बरं केलंस. तिच्या डोक्याखाली काहीतरी ठेवलंस. लेकीचं डोकं फरशीवर नव्हतं.”

मी म्हटलं, “कधी?”

“ती चादर रे. मी धावत आले तेव्हा बघितली. तिच्या डोक्याखाली चादर होती, घडी करून.”

“तू ठेवलीस ना ती?”

“मी कुठं? मी तर तिथंच खाली बसले. मला उठवत नव्हतं.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “चौकोनी घडी होती. कोपऱ्याला कोपरा लावून. या घरात तशी घडी तूच घालतोस.”

ते खरं आहे. मापात राहायची सवय लागली की कपड्यालाही लागते. आई आणि ताई चादरी कशाही गुंडाळतात.

मी आठवायला लागलो. दार उघडलं. ती डाव्या कुशीवर होती. मी ओरडलो. तिला उचलायला वाकलो तेव्हा हाताला मऊ लागलं. हो. चादर होती. मी वाकायच्या आधीपासून होती.

“तिनंच घेतली असेल,” मी म्हटलं. “चक्कर आली असेल, म्हणून आडवी झाली असेल.”

“तसंच असेल,” आई म्हणाली.

पण मग पाठीला लागलेला तो धक्का कसला? चादर उशाला घेऊन आडवं होणारं माणूस धाडकन पडत नाही.

४

ते गाणं ज्या यंत्रात होतं ते यंत्र बंद करायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळी टोपीनं येऊन ते बंद केलं आणि मंगळवारचा सगळा आवाज माझ्या मोबाईलवर घालून दिला. टोपी म्हणजे ताईच्या गाण्यांचे आवाज नीट लावून देणारा. डोक्यावर बारा महिने टोपी. “ऐकू नकोस,” तो म्हणाला होता. “मी पण ऐकणार नाही. नुसतं जपून ठेव.”

चादरीचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साइटवर, दुपारच्या सुट्टीत, नव्या बिनरंगाच्या खोलीत बसून ते कानाला लावलं. भोवती माणसं डबे खात होती. मुद्दाम तिथं ऐकलं. घरी धीर झाला नसता.

आधी तिचा घसा साफ केल्याचा आवाज. मग गिटार. मग गाणं. तुम्ही मागताय ते गाणं चांगलं आहे. अकराव्या मिनिटाला ती एका ओळीच्या मध्येच थांबली. म्हणाली, “अरेच्चा.” एवढंच, किल्ली विसरल्यासारखं. मग धप्प.

मग तिचा श्वास. जड, पण होता. डॉक्टर म्हणाले होते तसंच समज. मी समजून चाललो होतो. ते तसं नव्हतं.

मी ऐकत राहिलो. पंधरावं मिनिट, श्वास. अठरावं, श्वास, आणि मध्ये माझं नाव. हाक नव्हती ती. झोपेत कूस बदलताना माणूस बोलतं तेवढंच. “ठोक्या.” मी त्या वेळी अडीच हातांवर बसलो होतो. दांडी घासत होतो.

तेविसाव्या मिनिटाला दार उघडलं.

मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. ओठ सुटल्यासारखा तो आवाज. माझं दार. आणि त्यासोबत बाहेरचं सगळं आत आलं: पॅसेजमधला पंखा, खालच्या रस्त्यावरची गाडी. आणि खरखर. खरखर, थांबून पुन्हा खरखर. पॉलिश पेपर.

मी बाहेर घासत होतो. दार माझ्या पाठीमागे उघडं होतं आणि मी घासत होतो.

मग ताई म्हणाली, “आलास?”

तिच्या आवाजात सुटका होती. दिवसभर फोन लागत नसलेलं माणूस दारात दिसल्यावर येतो तो आवाज.

कुणीतरी म्हणालं, “हं.”

मग उसासा. दार मिटलं. खरखर बंद झाली.

एका पेंटरनं विचारलं, “काय रे, घशात अडकलं काय?” मी मोबाईल खिशात घातला आणि डबा तसाच ठेवून जिन्यावर गेलो.

५

मी सगळी कारणं शोधली. वाटतो तितका मी मूर्ख नाही. दुसऱ्या कुठल्या दिवसाचा आवाज त्यात मिसळला असेल. पट्टी कुठंतरी सुटली असेल आणि घासणं आत झिरपलं असेल. मीच उठलो असेन, आत गेलो असेन, तिला पाहिलं असेन आणि भीतीनं बाहेर येऊन पुन्हा बसलो असेन, आणि डोक्यानं ते पुसून टाकलं असेल. हे शेवटचं मी जास्त वेळ धरून बसलो. ते भयंकर होतं, पण ते कळण्यासारखं तरी होतं. पण मग घासत कोण होतं?

रविवारी सकाळी टोपीला बोलावलं. तो जिना चढताना शिट्टी वाजवत आला आणि दाराशी गप्प झाला. मी त्याला म्हटलं, आत जा आणि दार ढकल. मी बाहेर स्टुलावर बसलो, पाठ टेकली. बराच वेळ काही झालं नाही. मी उठून उघडलं तेव्हा तो घामाघूम झालेला.

“कधी ढकलणार होतास?” मी विचारलं.

“ढकलतच होतो की! खांद्यानं. रेडा आहेस तू. भिंत हलेल पण तू हलणार नाहीस.”

म्हणजे मी बसलेलो असताना ते दार उघडत नाही.

मग त्यानं पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्याचा कॉम्प्युटर मांडला. आवाज पडद्यावर रेघांसारखा दिसतो. तेविसाव्या मिनिटाला दोन उंचवटे होते. त्यानं कानाला लावून ते तीनदा ऐकले. “आलास” ऐकताना त्यानं टोपी काढली. त्याचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

“हे उघडलं,” पहिल्या उंचवट्यावर बोट ठेवून तो म्हणाला. “हे मिटलं.” मग रेघ पुढे सरकवत नेली. पस्तीस मिनिटं. पन्नास. “हा बघ तिचा श्वास. इथपर्यंत आहे.” एकोणसाठाव्या मिनिटाला त्यानं बोट उचललं. त्यापुढे रेघ सपाट होती.

छत्तीस मिनिटं. दार उघडलं तेव्हापासून छत्तीस मिनिटं ती होती. एवढ्या वेळात मी तिला पाठीवर घालून पळत दवाखान्यात नेलं असतं. खालीच आहे, औषधांच्या दुकानाशेजारी.

“त्यानं काही केलं का?” मी विचारलं. “जो आला त्यानं?”

टोपीनं आवाज मोठा केला. श्वासाच्या मागे काहीतरी होतं. सारखं, मंद. थाप. थाप. लहान मुलाला झोपवताना पाठीवर देतात तशी.

“बस झालं,” तो म्हणाला. पण बंद केलं नाही. रेघ पुढे नेत राहिला. एकशे पाचव्या मिनिटाला तिसरा उंचवटा. “हा तू. हे तुझं ओरडणं.” त्यानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं, परत मागे. पडद्यावरची बोटं थांबली.

“दार उघडलं, मिटलं. मग थेट तू उघडलंस,” तो म्हणाला. “मग तो बाहेर कधी गेला?”

चहा न घेता तो गेला. खाली पोचल्यावर त्यानं फोन केला. “हे कुणाला ऐकवू नकोस. आईला तर नाहीच.”

६

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती लाज. माझी जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. तिनं माझं नाव घेतलं आणि दुसरंच कुणीतरी गेलं, तिच्या डोक्याखाली घडी ठेवली, थोपटलं, आणि तिला वाटलं भाऊ आलाय. मला एकच विचारायचं होतं. शेवटी तिला कळलं का, की तो मी नव्हतो? कळलं असेल तर ती छत्तीस मिनिटं तिनं कशी काढली? नसेल कळलं, तर मी कोण?

बुधवारी मी कामावर गेलो नाही. आई शेजारणीबरोबर बँकेत गेली होती. सकाळचे अकरा. पुढच्या खोलीत ऊन होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. मी पटाशी आणि स्क्रू काढायचं हत्यार घेतलं. ठरवलं होतं, दार बिजागरीसकट उतरवायचं आणि जाळायचं. पण आधी आत जायचं. तेव्हा गेलो नाही, आता जायचं.

दार ओढलं. ओठ सुटले. आत शिरलो आणि स्वतःच्या हातानं ते मिटून घेतलं. उसासा पहिल्यांदा आतून ऐकला. आतून तो वेगळाच लागतो. कुणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडल्यासारखा.

गाडी धुण्याचा आवाज गेला. ऊन गेलं. टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं. खुर्ची, गिटार, ताईच्या कॉम्प्युटरचा काळा पडदा. गाद्यांना तिच्या तेलाचा वास अजून होता. मी टेबलाकडे तोंड करून उभा राहिलो आणि जमिनीकडे बघायचं टाळलं. माझ्याच रक्ताचा आवाज कानात येत होता. इतकं गप्प मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि ते मी बनवलं होतं.

म्हणायचं ठरवलं होतं, “ताई, मी आलो.”

“ता—” एवढंच झालं.

काळ्या पडद्यात माझं डोकं दिसत होतं, आणि त्याच्या मागे, खाली, जमिनीवर मांडी घालून कुणीतरी बसलेलं. एक हात मांडीवर, खाली काहीतरी जड आणि नाजूक असल्यासारखा जपून ठेवलेला. दुसरा हात हलत होता. थाप. थाप. मग तो थांबला. मान वर झाली. पडद्यावर धूळ होती, दिवा मंद होता, मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तो चेहरा मी रोज दाढी करताना बघतो. त्यावर राग नव्हता. नुसता त्रासलेला होता, काम चालू असताना कुणी मध्येच आल्यावर मी होतो तसा.

त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

आणि मी काय केलं? मागे वळलो नाही. काही विचारलं नाही. पाय न वाजवता मागे मागे सरकलो, दार पाठीनं ढकललं, बाहेर आलो, आणि ते हळूच, अगदी हळूच मिटलं. तिला बघण्यासाठी एकदा मान वळवायची होती, तीही वळवली नाही. कुणी गप्प म्हटलं की मी गप्प. ती आत मरत होती तेव्हाही मी हेच केलं होतं.

७

हत्यारं आतच राहिली. मी पॅसेजमध्ये बसलो. उठून जाता येईना. गेलो तर कुणी दार उघडेल, असं वाटत होतं.

आई आली. हातात पिशवी, पासबुक. मला तिथं बघून थबकली. पिशवी ठेवली, चप्पल काढली, आणि माझ्याजवळ खाली बसली. गुडघे धरून, हळूहळू, तिला बसायला त्रास होतो.

“काय आहे आत?” तिनं विचारलं.

टोपीनं सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. मला धरून ठेवता येत नाही. दाराचा आवाज, खरखर, आलास, हं. थाप सांगितली. घडी तिला माहीतच होती. पडद्यातलं सांगताना मला रडू फुटलं आणि शब्द तुटायला लागले.

ती रडली नाही. बराच वेळ नखानं फरशीची फट खरवडत होती.

“म्हणजे एकटी नव्हती ती,” आई म्हणाली.

“नव्हती.”

“तिला वाटलं, तू आलास.”

“हो.”

“मग बरंय.” तिनं डोळे मिटले. “मग बरंय रे.”

“पण मी नव्हतो गं आई!” मी ओरडलो. “मी इथं बसलो होतो! ती हाक मारत होती आणि मी इथं—”

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. तिच्या तळहाताला पैशांच्या नोटांचा वास येत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष दाराकडे होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी ताई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आशा म्हणावी असं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला, पडद्यात बघूनही आला नव्हता तसा.

“हळू,” ती कुजबुजली. “अजून थोपटणं चालू असेल.”